टेक्निक्स एसएल-1200 एमके2 : जुनं आहे, तरी घ्या

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, पारखताना लोक बास कसा आहे, आवाज किती भरीव आहे ते ऐकतात. मी विलंबित ख्यालाची रेकॉर्ड लावते आणि मागच्या तानपुऱ्याकडे कान देते. वेग किंचित जरी डळमळला तरी तिथला षड्ज हलतो. माझ्या आधीच्या बेल्टवाल्या मशीनवर तो हलायचा, या टेक्निक्सवर हलत नाही. मी पेटी शिकवते, साथ करते. माझा निम्मा निर्णय इथेच झाला.

यात बेल्ट नाही की कप्पी नाही. रेकॉर्ड ज्या थाळीवर फिरते तिच्याच तळाला मोटरचं चुंबक आहे, म्हणजे थाळी हाच मोटरचा फिरता भाग. वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्याशी सतत ताडून पाहिला जातो. टेक्निक्स बनवणाऱ्या मात्सुशिता कंपनीने ही डायरेक्ट-ड्राइव्ह पद्धत 1970 साली एसपी-10मध्ये आणली, 1972 साली पहिलं एसएल-1200 आलं आणि 1979 साली एमके2. बटण दाबल्यावर 0.7 सेकंदात थाळी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला पोचते. यंत्र चांगलंच जड आहे, त्यामुळे लाकडी जमिनीवर कुणी चाललं तरी सुई सहसा उडत नाही.

पण मला याचं खरं वेड लावलं ते उजवीकडच्या पिच स्लायडरने, म्हणजे थाळीचा वेग आणि त्याबरोबर सूर कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीने. डीजे लोकांनी तो गाणी जुळवायला वापरला, मी पेटी जुळवायला वापरते. जुन्या रेकॉर्डवरचा सूर पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी असतो, काळी एक म्हणावी तर थोडा चढा, पांढरी दोन म्हणावी तर उतरलेला. स्लायडर आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली जातो, म्हणजे दोन्हीकडे एका पट्टीहून थोडं जास्तच. अलगद सरकवायचा, पेटीचा सा आणि गायकाचा सा एक झाला की विद्यार्थ्याला सोबत वाजवायला बसवायचं. लय थोडी बदलते, आवाजाचा पोतही. म्हणून नुसतं ऐकताना स्लायडर मधल्या खाचेत, हिरवा दिवा लागलेला. या एका सोयीसाठी मी हे यंत्र दुसऱ्यांदाही घेईन.

आता दुरुस्तीची भीती. ती खरी आहे. चाळीस वर्षांच्या यंत्रात कपॅसिटर वाळतात, स्लायडरच्या आत धूळ बसून वेग झोके खातो, टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, तारा नाजूक होतात. यातलं बरंचसं कॉन्टॅक्ट क्लीनर, थोडं सोल्डरिंग आणि नेमक्या जागी दोन थेंब तेल यांनी सुटतं. रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा जुना कारागीर हे सहज करतो. काळजी एकाच गोष्टीची, मोटर चालवणाऱ्या आयसींची, म्हणजे चिप्सची. त्या गेल्या की दुसऱ्या बंद पडलेल्या मशीनमधून काढून आणाव्या लागतात. पण या मॉडेलचं उत्पादन 2010पर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात सुरू होतं, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची आशा इतर जुन्या डायरेक्ट-ड्राइव्हपेक्षा खूप जास्त. दुर्मिळ मॉडेलच्या मोहात पडू नका, असं मी म्हणेन.

एक गैरसोय सांगायलाच हवी : 78च्या रेकॉर्ड यावर लागत नाहीत, वेग फक्त 33⅓ आणि 45.

विकत घेताना मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. जपानच्या बाजारातलं यंत्र 100 व्होल्टचं असतं, ते आपल्या 230ला थेट लावलं तर जळेल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. 50 की 60 हर्ट्झ याने फरक पडत नाही, कारण वेग विजेच्या वारंवारतेवर ठरत नाही. मग स्लायडर शून्यावर ठेवा आणि थाळीच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे लाल दिव्याच्या उजेडात बघा. मोठे ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसले पाहिजेत. ते सरकत असतील आणि विकणारा "गरम झाल्यावर ठीक होतं" म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या.