सरोगसी की दत्तक?

सरोगसी म्हणजे जोडप्याचं मूल दुसऱ्या बाईनं पोटात वाढवणं; ती बाई म्हणजे सरोगेट. 25 जानेवारी 2022 पासून पैसे देऊन सरोगसी हा भारतात गुन्हा आहे. जोडप्याला पहिल्या खेपेला 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. उरते परोपकारी, म्हणजे मोबदल्याविना सरोगसी. सरोगेट 25 ते 35 वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. तेही आयुष्यात एकदाच. तिला औषधोपचाराचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा मिळतो, बुडालेली मजुरी नाही. गाडं इथेच अडतं. मग नजर वळते धाकट्या जावेकडे, नणंदेकडे. आणि घरातल्या घरात 'नाही' म्हणणं तिला किती जड जातं! भ्रूणरोपणाआधी माघार घ्यायचा हक्क कायद्यानं तिला दिलाय. तो तिला एकटीला बसवून, नीट सांगावा. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आधी, उपचार नंतर.

दत्तकासाठी 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, मग गृहभेट. पुण्यात ससूनच्या आवारात 'श्रीवत्स' ही दत्तक देणारी संस्था आहे, पण मूल तिथूनच मिळेल असं नाही. प्रतीक्षा वर्षांची. दोन वर्षांखालचं बाळ हवं तर दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या पुढे नको. सरोगसीच्या धावपळीत नेमकी हीच वर्षं निघून जातात. अविवाहित बाईला मात्र सरोगसीचं दार बंदच. दत्तकाचं उघडं आहे.