शांझेलिझेवरची शेवटची धाव: स्वतःची ट्रेन की दुसऱ्याचं चाक?

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या पॅरिसमधल्या सपाट टप्प्यात, शांझेलिझे या रस्त्यावर, स्प्रिंटरपुढे (शेवटच्या वेगवान धावेत तरबेज सायकलपटूपुढे) दोन वाटा असतात. पहिली म्हणजे संघाची ट्रेन. तीन-चार सहकारी पुढे ओढतात, एकेक जण दमून बाजूला होतो आणि शेवटचा ओढणारा, म्हणजे लीड-आउट मॅन, अंतिम रेषेआधी अंदाजे २०० मीटरवर स्प्रिंटरला मोकळं सोडतो. २००९ मध्ये मार्क रेनशॉने आपल्या संघाचा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशला विजयापर्यंत असं आणलं की दुसरा नंबर रेनशॉचाच लागला! फायदा उघड आहे: प्लास द ला काँकोर्द चौकातल्या शेवटच्या वळणात पहिल्या दोघा-तिघांत राहिलं की मागच्यांची ढकलाढकली आणि ब्रेक टळतात. पण ट्रेन लवकर सुटली तर माणसं संपतात आणि स्प्रिंटर लांबूनच वाऱ्यात सापडतो. तीन आठवड्यांनंतर चारही जण ताजे असतात कुठे?

दुसरी वाट प्रतिस्पर्ध्याच्या चाकामागे लपण्याची. पुढचा वारा अडवतो म्हणून ताकद वाचते, पण कोंडी होण्याचा धोका मोठा. दगडी फरसबंदीवर दिशा बदलताना चाक उडतं, म्हणून मोकळी रेघ आधीच हेरावी लागते. २०१९ मध्ये स्प्रिंटर कॅलेब युअनने मागून येत उजव्या कठड्याशेजारून बाजी मारली.

२०२१ पासून अंतिम रेषा वळणापासून आणखी दूर गेली. आमच्या मते त्यामुळे मागून येणाऱ्याचं पारडं जड झालं. छोटी ट्रेन असेल तर दुसरी वाटच बरी. मात्र २०२५ सारखा पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीचा चढ मार्गात असला तर दोन्ही बेत कोलमडतात. त्या वर्षी वाउट व्हान आर्ट एकटाच पुढे येऊन जिंकला.