टेस्टोस्टेरॉन जेलचे ९ महिने: रक्त कुठल्या हाताचं घेतलं, हे कुणीच विचारलं नाही

तिसऱ्या महिन्यात माझ्या रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) १८४० आलं, म्हणजे भलतंच जास्त, आणि त्या एका आकड्यापायी माझे सहा आठवडे वाया गेले. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पंपाची बाटली कशी असते वगैरे वाचणाऱ्यांना माहीत असेलच, त्यात जात नाही.

आधी माझी केस. वय ४१. सोळाव्या वर्षी गालगुंड झाले होते, त्यात उजवं वृषण सुजलं आणि नंतर लहानच राहिलं. वयात आल्यावर झालेले गालगुंड असे खाली उतरू शकतात, हे तेव्हा घरात कुणाच्या गावीही नव्हतं. एकावर भागेल असं सगळे म्हणाले. बरीच वर्षं भागलंही, मुलगी झाली. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र दुपारी तीनलाच अंगातलं त्राण जायचं, इच्छा मेली, सकाळी आपसूक ताठरता येणं बंद झालं. मी सगळं कामाच्या ताणावर ढकलत राहिलो. शेवटी दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आठला, उपाशीपोटी तपासलं: २१० आणि २२६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. साधारण ३०० च्या खाली आकडा आणि जोडीला लक्षणं असली तर कमतरता धरतात. दुपारी तपासू नका, सकाळी पातळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात उतरते.

माझं एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) वाढलेलं होतं. म्हणजे मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी हुकूम सोडतेय, पण वृषणांना ते पेलत नाही. तेच एलएच कमी असतं तर दुखणं वर, पिट्यूटरीच्या बाजूला शोधावं लागलं असतं, प्रोलॅक्टिन या तिच्याच दुसऱ्या हार्मोनसकट. एलएच न बघता जेल लिहून देणाऱ्याकडून जेल घेऊ नका.

आता जेल. रोज अंघोळीनंतर पंपाचे दोन दाब, एकेका खांद्या-दंडावर एक, मिळून ४०.५ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा अंगात जातो. नव्या बाटलीचे पहिले ३ दाब बेसिनमध्ये सोडून द्यायचे, म्हणजे दर महिन्याला दीड दिवसाचा डोस पाण्यात. ६० दाब झाले की बाटली टाकायची. हलवली तर तळाशी जेल कळतं, पण पुढचा दाब पुरा भरेल याची खात्री नाही. माझ्यासारख्या माणसाला हे दर महिन्याला जिवावर येतं. जेल वाळेपर्यंत शर्ट नाही, मुलीला जवळ घेणं नाही. मोठ्यांच्या अंगावरचं जेल लागून लहान मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणं दिसली, म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. मी जेलनंतर हात साबणाने दोनदा धुतो आणि बाह्यांचा शर्टच घालतो.

पाचव्या आठवड्यापासून फरक जाणवायला लागला. आधी इच्छा परतली, मग दुपारची ग्लानी गेली. बायको म्हणाली, तू परत गप्पा मारायला लागलास.

आणि मग तो १८४०. त्या सकाळी जेल लावून, बाही खाली ओढून तसाच लॅबमध्ये गेलो. तिथे बाही वर सरकवली, पट्टा नेमका जेलच्या जागेवर बांधला, कोपराच्या खोलगटात स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला आणि सुई टोचली. कातडीवरचं जेल सुईबरोबर नमुन्यात गेलं की आकडा असा फुगतो. तो रिपोर्ट बघून डॉक्टरांनी माझा डोस निम्म्यावर आणला. तीन आठवड्यांत पुन्हा तीच दुपार, तोच मेलेला उत्साह. जेलचा गुण संपला असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एकच विचारलं, "जेल लावून गेला होतात? रक्त कुठल्या हाताचं घेतलं?" फेरतपासणीत निम्म्या डोसवर आकडा आला २३८.

इथवर लिहिताना सगळा दोष लॅबचा असंच माझ्या मनात होतं. आत्ता जेलसोबतचं माहितीपत्रक पुन्हा उघडून पाहिलं. पातळी सकाळचं जेल लावण्याआधी तपासावी, असं त्यात स्पष्ट आहे. मी ते वाचलं नव्हतं, तेवढी चूक माझी. तरी हार्मोनचं रक्त घेणाऱ्याने "अंगाला काही लावलंय का" हे विचारायलाच हवं, या मतावर मी ठाम आहे.

ज्यांना मूल हवंय त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच (शुक्राणू घडवायला लावणारं हार्मोन) बंद करते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं, तेच कोसळतं आणि शुक्राणू तयार होणं थांबतं. वृषणं थोडी आक्रसतातही. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत "अजून मूल हवंय का" असं विचारलं होतं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जिममधल्या माझ्या एका मित्राला हे कुणी विचारलं नाही. त्याने दंड भरावेत म्हणून इंजेक्शनं घेतली आणि लग्नानंतर तपासणीत शुक्राणूंची संख्या शून्य निघाली. ती परत यायला जवळजवळ वर्ष लागलं. एक शुक्राणू घडायलाच सुमारे ७४ दिवस जातात. दोष पिट्यूटरीकडचा असेल तर एचसीजी, क्लोमिफीन अशा औषधांचे मार्ग आहेत, ते आधी विचारा.

जेल सुरू केल्यापासून महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर मी दोन्ही वृषणं बोटांत फिरवून बघतो. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं ते नैसर्गिक आहे. खुद्द वृषणावर कडक, न दुखणारी गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. अचानक असह्य कळ आली तर मात्र तासांचा हिशेब असतो: पीळ पडला असेल तर साधारण ६ तासांत सोडवावा लागतो.

डोस पूर्ववत झाल्यावरचा आकडा ५१२. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, टक्क्यांत) ४५ वरून ४९ वर गेलंय, ५४ च्या वर गेलं तर जेल थांबवावं लागेल, म्हणून तेही प्रत्येक वेळी तपासतो. आता डॉक्टरांना विचारून तपासणीच्या आदल्या दिवशी दोन्ही दाब उजव्याच खांद्यावर लावतो, सकाळी कोपरापर्यंत हात साबणाने धुतो, जेलची बाटली घरीच ठेवतो आणि खुर्चीत बसताच डावा हात पुढे करतो.