नाशिकला आमच्या पंचवटीतलं रेशन दुकान : ५ पैकी साडेतीन स्टार

कट्ट्यावर आमच्याकडे कायम दोन पार्ट्या, एक म्हणते फुकट वाटून वाटून सरकारने देशाचा रशिया करून ठेवलाय, दुसरी म्हणते सरकारने सगळं शेठजींना विकून टाकलं. दोघांनाही महिन्यातून एकदा या लायनीत उभं करायला पाहिजे राव.

बघा ना, गहू-तांदूळ सरकारचा, हमीभावाने घेतलेला, मनमाडला एफसीआयचं (भारतीय अन्न महामंडळाचं) केवढं मोठं गोदाम आहे आपल्याच जिल्ह्यात. पण दुकान सरकारचं नाही, परवाना घेतलेला साधा दुकानदार आहे आणि त्याला क्विंटलमागे कमिशन मिळतं. सोव्हिएत रशियात भाव सरकारच ठरवायचं, दुकानही सरकारीच, बाजूला स्वतःचा किराणा टाकायची मुभा नाही. इथे बाजूलाच किराणावाला बसलाय, ज्याला लोकवन गहूच पाहिजे त्याने तिकडून घ्यावा, कोण अडवतंय.

प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला (सगळ्यात गरीब घरांचं कार्ड) कार्डामागे ३५ किलो. आधी गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये होता, १ जानेवारी २०२३ पासून फुकट. पण माझ्या मते खरा फरक फुकटने नाही पडला, पोर्टेबिलिटीने पडला. आधीचा दुकानदार (नाव नको) "माल संपला, पुढच्या महिन्यात या" एवढंच बोलायचा, आणि कार्ड त्याच्याकडेच म्हणून गुमान ऐकायचो. आता कार्ड कुठेही चालतं, उठलो आणि इकडे आलो, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली यूपी-बिहारची पोरंसुद्धा गावाकडच्या कार्डावर इथे धान्य उचलतात. गिऱ्हाईक हलू शकतं म्हटल्यावर दुकानदार पण नीट बोलतो. सरकारने धान्य द्यावं, पण दुकान मला निवडू द्यावं, माझं एवढंच म्हणणं आहे.

मात्र सरकारने हात कुठे घालावा हे निफाडला मेव्हण्याला विचाराल तर शिव्याच ऐकाल, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली ती थेट मे २०२४ ला उठली, शहराला स्वस्त कांदा मिळावा म्हणून बिल फाडलं शेतकऱ्याच्या नावावर. तो विषय काढला की जेवण गार होतं, जाऊ दे.

मालाचं सांगतो. गहू बरा आहे, चाळून घ्यावा लागतो, तांदूळ जाडा. त्यात मधेच वेगळे दिसणारे दाणे असतात, काही पाण्यावर तरंगतात, ते प्लास्टिक नाहीये हो, लोह आणि बी१२ घातलेला फोर्टिफाईड तांदूळ आहे, आमच्या शेजारच्या काकू निवडून फेकत होत्या. काटा समोर दिसेल असा ठेवलाय, त्याचा एक स्टार वेगळा.

दीड स्टार कापला तो अंगठा लावायच्या मशीनमुळे. सर्व्हर गेला की सगळी लाईन अंगठा पुसत उभी, आईच्या बोटांच्या रेषा घासल्यात, तिचा अंगठा तर तीन-चारदा दाबूनही घेत नाही. सकाळी दुकान उघडताच जा, पिशव्या घरून न्या आणि पावती मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाही.