सतरा, अठरा की एकोणीस? ऑक्टेव्हिया आरएसच्या चाकांचा सोलापुरी हिशेब

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला एकोणीस इंची चाकांवर उभी असलेली गाडी देखणी दिसते, वादच नाही. पण तीच गाडी खोदून बुजवलेल्या चरावरून जाताना मालकाचा चेहरा बघावा! जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस घेतली, आता रिमा (टायर बसतो ती धातूची चाकं) कुठल्या घालू, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

भारतात २०१७ची आरएस २३० आली ती २२५/४५ आर १७ टायरवर, २०२०ची आरएस २४५ आली २२५/४० आर १८वर. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४५ म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या ४५ टक्के उंच. शेवटचा १७ हा रिमेचा व्यास, इंचांत. सतरात ही भिंत १०१ मिमी भरते, अठरात ९०, आणि २३५/३५ आर १९मध्ये ८२. पूर्ण चाक मात्र ६३४, ६३७ आणि ६४७ मिमी, म्हणजे फारसा फरक नाही. वाढते ती रिम, घटतं ते रबर. खड्ड्याचा मार आधी ते रबरच खातं.

एकोणीसवर वेळ घालवत नाही. सतराच्या गाडीला ते लावलं की काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन टक्के जोरात पळत असते, आणि रिम वाकायला एक रात्र पुरते. फोटोसाठी ठीक.

खरी निवड सतरा आणि अठरातच. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याला अठरा आवडेल. लेन बदलताना स्टिअरिंग लगेच ऐकतं, टायरची भिंत कमी लवते. मीही दोन वर्षं अठरावरच होतो. मग मोहोळजवळ, ऊसतोडीच्या दिवसांत, दिवा ना रिफ्लेक्टर असा ट्रेलर चुकवताना डावं चाक रस्त्याच्या तुटक्या कडेवर आदळलं. सकाळी टायरला अंगठ्याएवढा फुगा. फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो, कारण आतले धागेच तुटलेले असतात. टायर गेलाच, आणि त्या मापाचा दुसरा येईपर्यंत गाडी चार दिवस दारात.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३वर जातो. हवा कमी असेल तर टायर जास्त लवतो, जास्त तापतो, आणि बारीक भिंतीला खड्डा आणखी लागतो. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी, आणि आकडा गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवरचा घ्यावा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला असतो तो कमाल दाब, रोजचा नव्हे.

माझं मत सतराकडे झुकतं, पण रिमेवर वाचलेला पैसा चांगल्या टायरवर घालायचा, या अटीवर. पकड वाढवायची तर २३५/४५ आर १७ बघा. भिंत १०६ मिमी होते, चाक ६४३, म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे दीड टक्का मोठं. मात्र तितकाच झिजलेला रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे पावसात विसरू नका. आणि आधी एकच चाक बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे दोघांना बसवून घासतं का ते पाहा.

रिमा घेताना दुकानदार डिझाइन दाखवतो, तुम्ही माप विचारा. पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ११२ मिमी, मधलं भोक ५७.१ मिमी. भोक मोठं असेल तर मधली फट भरायला रिंग लागते. नाहीतर बॅलन्सिंग कितीही करा, हायवेवर थरथर येत राहते. लोक ऑफसेटला, म्हणजे रिमेच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठापर्यंतच्या मिमीमधल्या अंतराला, सर्वांत कमी भाव देतात. साडेसात इंच रुंद, ५१ ऑफसेटच्या रिमेऐवजी आठ इंची, ४५ची घातली की बाहेरची कड १२ मिमी पुढे येते. मडगार्डला घासायला तेवढं पुरतं. प्रत्येक सतरा इंची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवर (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागावर) बसेलच असंही नाही. शिवाय रिम वजनकाट्यावर ठेवून बघा. स्वस्तातली ओतीव रिम मूळ रिमेपेक्षा जड निघाली, तर पिकअपही जातो आणि खड्ड्यात दणकाही वाढतो.

टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका चाकावर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. माप बदललं तर विमा कंपनीला लेखी कळवा. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर घालायची हौस या गाडीला नको: ओढ पुढच्या चाकांची, आणि टायर पुढचे मागे फिरवताही येत नाहीत.

माझ्या अठराच्या रिमा माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवल्यात. विकायच्या म्हणतो, पण मन होत नाही.