फोल्डिंग करवत: जळलेल्या जंगलात तीन दिवस वापरून झाली

ही घडीची करवत मी काही कुंड्यांसाठी घेतली नव्हती. कॅलिफोर्नियात लासेनजवळ 2021 च्या डिक्सी फायरमध्ये जे जंगल गेलं (सगळं मिळून 9 लाख 63 हजार एकर, आकडा वाचून काही होत नाही, गाडीतून नुसते काळे खांब दिसत राहतात तेव्हा कळतं) तिथे जुलैत ट्रेल साफ करायला व्हॉलंटियर म्हणून गेले होते, तर हिची परीक्षा तिथेच झाली.

पहिली गोष्ट, ही ओढताना कापते. सवयीने ढकलायला गेलात तर पातं वाकेल, माझं वाकलंच थोडं. ट्रेलवर सगळ्यात जास्त ताप व्हाइटथॉर्नचा, त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं आणि आगीची धग लागली की उगवतं, मग सगळीकडे काटेरी जाळ्या, थेट करवंदीची आठवण. त्या बुडातून सपासप निघाल्या, मस्तच. आडव्या पडलेल्या खोडात मात्र फसले, खोड मधे झुकलेलं असलं की वरून कापताना खाच मिटत जाते आणि पातं गच्च अडकतं, क्रू लीड म्हणाली खालून काप तेव्हा सुटलं. मोठे ओंडके हिचं काम नाही, त्याला दोघांनी ओढायची लांब क्रॉसकट लागते, कारण वाइल्डरनेसमध्ये (म्हणजे कायद्याने राखून ठेवलेल्या रानात) मोटरवाली करवत चालत नाही, अमेरिकेचा 1964 चा कायदा आहे.

कोळशाची पूड लॉकच्या बटणात जाते, रोज रात्री जुन्या टूथब्रशने साफ करा.

आणि हँडल हिरवं!! कोणाची आयडिया? पहिल्या दिवशी सकाळीच ल्युपिनमध्ये ठेवली आणि गायब. वीस मिनिटं गुडघ्यांवर शोधत होते, हातभर जांभळे तुरे, पंजासारखं पान, प्रत्येक पानाच्या मधोमध दवाचा एकच थेंब, आणि खाली केसाळ शेंगा, म्हणजे आपल्या तुरीच्याच खानदानातली, मुळांच्या गाठींतून नायट्रोजन देणारी. खाली अजून राखेचा थर, वर हे. खरं सांगायचं तर नंतर नंतर मी करवत शोधतच नव्हते.

मिळाली शेवटी. मग हँडलला लाल रिबन बांधली आणि दुसऱ्या दिवशी ठेवली कुठे, तर पेंटब्रशच्या फुलांत. ती पण लाल. 5 पैकी 4 स्टार, हिरव्या हँडलचा एक कापला.