सॉफ्ट अ‍ॅक्चुएटर बनवायचाय: पॉलिपायरोल, पेडॉट की पॉलिअ‍ॅनिलिन?

सॉफ्ट अ‍ॅक्चुएटर म्हणजे इथे वीज दिली की हलणारी मऊ वस्तू. असा आर्टिफिशियल मसल किंवा छोट्या सॉफ्ट ग्रिपरचा (मऊ चिमट्याचा) प्रोजेक्ट घेतला की बहुतेक जण पेपर उघडतात, कुणाचा स्ट्रेन (लांबीतला टक्केवारी बदल) जास्त ते बघतात आणि तोच पॉलिमर उचलतात. मला हे अजिबात पटत नाही. आधी ठरवा की तुमची वस्तू पाण्यात चालणारे की हवेत, कारण पॉलिपायरोल, पेडॉट आणि पॉलिअ‍ॅनिलिन या तिन्ही कंडक्टिंग (वीज वाहणाऱ्या) पॉलिमरचं काम एकाच तत्त्वावर चालतं, एक-दोन व्होल्ट दिले की पॉलिमर ऑक्सिडाइझ होतो (इलेक्ट्रॉन गमावतो) नाहीतर रिड्यूस होतो (इलेक्ट्रॉन घेतो), मग चार्ज सांभाळायला इलेक्ट्रोलाइटमधले (आयन असलेल्या माध्यमातले) आयन थोडं सॉल्व्हेंट घेऊन आत शिरतात किंवा बाहेर पडतात आणि त्यानेच फिल्म फुगते किंवा आकसते. म्हणजे इलेक्ट्रोलाइट हा अर्धा अ‍ॅक्चुएटरच झाला, तो शेवटी ठरवून कसं चालेल?

पाण्यात, सलाइनमध्ये, पेशींच्या आसपास काम असेल तर मी डोळे झाकून पॉलिपायरोल सांगेन. स्वीडनमधल्या लिंशॉपिंगच्या ग्रुपने 1995 मध्ये यावर घडी घालणाऱ्या सूक्ष्म रचना दाखवल्या आणि 2000 मध्ये पाण्यात काम करणारे मायक्रोरोबॉट, त्यामुळे रेसिपी चांगल्या घोटलेल्या आहेत. पण डोपंट, म्हणजे फिल्म बनवताना तिच्यात जाणारा आयन, नीट निवडा. डीबीएससारखा (डोडेसिलबेंझिनसल्फोनेट) मोठा आयन फिल्ममध्ये अडकून बसतो, बाहेर पडूच शकत नाही, म्हणून रिड्यूस केल्यावर बाहेरून सोडियम आत येतो आणि फिल्म फुगते. परक्लोरेटसारखा छोटा आयन घेतलात तर साधारण उलटं, ऑक्सिडाइझ केल्यावर फुगते. आणि दोन्ही प्रकारचे आयन हलायला लागले तर एकाची हालचाल दुसरा खाऊन टाकतो, पट्टी जेमतेम थरथरते आणि आपण वायरिंग तपासत बसतो.

जोर चांगला आहे, काही मेगापास्कल स्ट्रेस मिळतो, आपल्या स्नायूचा 0.1 ते 0.35 च्या आसपास असतो. लांबीतला बदल मात्र बऱ्याचदा काही टक्केच, स्नायू 20 टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून तर सगळे दोन थरांची पट्टी (एक पॉलिमर, एक न फुगणारा थर) करून वाकवतात, त्यात छोटा बदलही मोठा दिसतो. त्रास कुठे आहे तर बनवण्यात. पायरोल डिस्टिल करून थंड, अंधारात ठेवावा लागतो नाहीतर काळपट पडतो, फिल्म विजेने वाढवायला पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज नेमकं राखणारं यंत्र) लागतो, व्होल्टेज जास्त दिलं तर ओव्हरऑक्सिडेशन होऊन फिल्म कायमची मरते, शिवाय इलेक्ट्रोड म्हणून वापरलेल्या गुळगुळीत सोन्यावरून थर सुटून येतो. हवेत चालणारी तीन थरांची पट्टी करायची तर मध्ये पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा आणि दोन्ही बाजूंना पॉलिपायरोल, त्याची नेहमीची रेसिपी म्हणजे प्रॉपिलीन कार्बोनेट या सॉल्व्हेंटमध्ये उणे 33 अंशांच्या आसपास, अगदी कमी करंटवर, 12 तास. घरगुती फ्रीजरचं हे काम नाही.

म्हणूनच हवेत चालवायचं असेल आणि हातात एकच सेमिस्टर असेल तर पेडॉट:पीएसएस, म्हणजे पीएसएस या दुसऱ्या पॉलिमरसोबत पाण्यात मिसळलेला पेडॉट, घ्या. बाटलीत तयार मिळतं, ओतायचं आणि वाळवायचं, थोडं इथिलीन ग्लायकॉल किंवा डीएमएसओ हे सॉल्व्हेंट टाकलं की कंडक्टिव्हिटी खूप वाढते, बाटली फक्त गोठू द्यायची नाही. आयनिक लिक्विडसोबत (सहज न उडणारं द्रवरूप मीठ) तीन थर केले की सुकायची भीती नाही आणि पॉलिपायरोलपेक्षा ते टिकतंही जास्त. स्ट्रेन कमी मिळतो, तो मान्य करूनच पुढे जा. पाण्यात क्रॉसलिंक न करता (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकांना न बांधता) टाकलं तर मात्र फुगून विस्कटतं. आणि पीएसएसला ओलाव्याची फार ओढ, हवेतली आर्द्रता बदलली की फिल्म स्वतःहूनच वाकते, त्यामुळे मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये घेतलेली रीडिंग जानेवारीशी जुळतील अशी अपेक्षा नको, प्रत्येक रीडिंगशेजारी आर्द्रता लिहाच.

पॉलिअ‍ॅनिलिन सगळ्यात स्वस्त, पण त्याला आम्ल लागतं. पीएच 4 च्या वर गेला की साधारणपणे ते इलेक्ट्रोकेमिकली थंडच पडतं, म्हणजे शरीराजवळची सगळी कामं बाद. फायबर काढायचे असतील आणि आम्लातच चालवायचं असेल तर विचार करा. अ‍ॅनिलिन विषारी आहे, कातडीतूनही आत जातं, तेव्हा ग्लोव्हज आणि फ्यूम हूडशिवाय हात लावू नका.

काहीजण विचारतील मग आयपीएमसी (दोन्ही बाजूंना धातूचा थर दिलेला, आयन वाहणारा पॉलिमर) किंवा डायइलेक्ट्रिक इलॅस्टोमर (वीज न वाहणारं ताणणारं रबर) का नको. इलॅस्टोमर झपकन आणि भरपूर हलतो पण किलोव्होल्ट मागतो, मला तो विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला भीती वाटते. आयपीएमसी कमी व्होल्टेजवर चालतो पण डीसी दिला तर बऱ्याचदा हळूहळू मागे येतो, कंडक्टिंग पॉलिमर मात्र जवळजवळ करंट न घेता जागेवर थांबतो, आणि ग्रिपरला वस्तू धरूनच ठेवायची असते ना.

कुठलाही घेतलात तरी थर पातळ ठेवा. आयनला आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, जाडी दुप्पट केली की चौपट वेळ, आणि जास्त जोर हवा म्हणून जाड फिल्म केली की ती इतकी सुस्त होते की व्होल्टेज वाढवायचा मोह होतो, तिथेच ती जळते. जोर हवा असेल तर पातळ पट्ट्या शेजारी शेजारी लावा.